कुंड्यांचा बंदोबस्त

माप देणारा माणूस पळून जाऊ शकत नाही, असा टेलरबाईंचा अनुभव होता. हात पसरलेले, मान ताठ, कमरेभोवती टेप. अशा अवस्थेत तो कशालाही हो म्हणतो. बैठकीच्या आधीचे पंधरा दिवस टेलरबाईंनी या अवस्थेचा पुरेपूर फायदा घेतला.

"वळणाला टिकली लावणार ना?" टेप आवळता आवळता त्या विचारत.

"अहो बाई, हे काय विचारणं झालं? वळण आधी, बाकी सगळं मागून," बेकरीवाला पोट आत घेत म्हणाला.

टेलरबाईंनी माप दोन बोटं वाढवून लिहिलं. आत घेतलेलं पोट कायम आत राहत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तोच नियम वचनांनाही लावावा, हे मात्र सुचलं नाही.

बैठक पोलीस चौकीची होती. दर तीन महिन्यांनी हवालदार वस्तीतल्या लोकांना बोलावी, त्यांच्या तक्रारी एका मोठ्या तक्त्यावर लिही आणि प्रत्येकाच्या हातात तीन लाल गोल टिकल्या ठेवी. ज्याला जी तक्रार महत्त्वाची वाटेल, तिच्यापुढे त्याने टिकल्या चिकटवायच्या. सर्वांत जास्त टिकल्यांच्या तीन तक्रारी म्हणजे पुढच्या तीन महिन्यांचं पोलिसांचं काम. उरलेल्या तक्रारींकडे 'यथावकाश' लक्ष दिलं जाई. हा अवकाश आजवर कोणी पाहिलेला नव्हता.

टेलरबाईंची तक्रार त्यांच्या दुकानासमोरच्या वळणाची होती. भिंतीमुळे पलीकडचं काही दिसत नसे, आणि दिसत नाही म्हणून हळू जावं असं स्कूटरवाल्यांना वाटत नसे. त्या वळणावरून रोज दुपारी साडेबाराला त्यांचे वडील डबा घेऊन येत. अण्णा पूर्वी घड्याळं दुरुस्त करत. दुकान बंद झालं, एक कान गेला, दुसरा जाण्याच्या बेतात होता. डबा पोचवणं ही त्यांना उरलेली एकमेव नोकरी. त्यात त्यांनी आजतागायत रजा घेतलेली नव्हती. गेल्या महिन्यात एका स्कूटरने त्यांच्या हातातला डबा उडवला. झाकण चेपलं, पातळ भाजी भिंतीवर गेली, आणि अण्णा दुकानात येऊन म्हणाले, "डब्याची कडी ढिली होती." त्या दिवसापासून सव्वाबारा वाजले की टेलरबाईंचा शिवणीचा टाका वाकडा पडू लागला. घरी बसा म्हणणं म्हणजे त्यांना नोकरीवरून काढणं. ते टेलरबाईंच्याने होईना.

बैठक शाळेच्या पहिलीच्या वर्गात भरली. अठ्ठावीस मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून चिमुकल्या बाकांवर बसली. तक्त्यावर पाच तक्रारी होत्या. वळण. बेकरीसमोर आडव्या लावलेल्या स्कूटरी. बागेतल्या बाकावरची टवाळकी. कोपऱ्यावरच्या काकूंच्या चोरीला गेलेल्या कुंड्या, एकूण दोन. आणि निवृत्त मुख्याध्यापकांनी मांडलेली 'एकंदर घसरण'.

"घसरणीचा बंदोबस्त कसा करायचा, सर?" हवालदाराने आदराने विचारलं.

"ते तुम्ही बघायचं. मी लक्षात आणून दिलं."

मग काकू उठल्या. त्या बोलल्या अगदी थोडं. "माझ्या कोरफडीला कोण विचारतंय, मला माहीत आहे. आपलं लिहिलं म्हणून लिहिलं," एवढं म्हणून त्यांनी पदर डोळ्यांपर्यंत नेला आणि तिथेच थांबवला.

टेलरबाईंनी वर्गावरून नजर फिरवली. इथल्या निम्म्या लोकांची मापं त्यांच्या वहीत होती आणि वचनं खिशात. वळण तर झालंच. मग आपल्या तीन टिकल्या तिथेच कशाला? शिवाय लोकांना दिसू दे की बाई फक्त स्वतःपुरतं बघत नाही. त्या उठल्या आणि भरल्या मनाने तिन्ही टिकल्या कुंड्यांपुढे चिकटवून आल्या. काकूंनी कृतज्ञतेने मान हलवली.

हवालदाराने मोजणी केली. परत केली. चष्मा पुसून आणखी एकदा केली.

"कुंड्या, एक्कावन्न. स्कूटरी, सतरा. बाक, बारा. एकंदर घसरण, चार." त्यातल्या तीन सरांच्याच होत्या. चौथी कोणाची, याचा शोध ते पुढे बरेच दिवस घेत होते. "वळण," हवालदार घसा साफ करून म्हणाला, "निरंक."

वर्गात इतकी शांतता पहिलीच्या बाईंनाही कधी मिळाली नसेल.

"असं कसं होईल?" टेलरबाई म्हणाल्या.

"मला वाटलं, बाकीचे देणारच," बेकरीवाला म्हणाला. "म्हटलं, काकूंना वाईट नको वाटायला."

"मलाही तेच वाटलं," मागून कोणीतरी म्हणालं. मग ते सगळ्यांनाच वाटल्याचं एकेक करून बाहेर पडलं. वस्तीत एवढं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं.

"पण बाई, तुमच्या स्वतःच्या तीन?" सरांनी विचारलं. मुख्याध्यापकांना असे प्रश्न बरोबर सुचतात.

टेलरबाईंनी गळ्यातला टेप उगाचच सारखा केला.

लोक पांगल्यावर त्या तक्ता गुंडाळणाऱ्या हवालदारापाशी गेल्या.

"बाई, मला का वळण कळत नाही?" तो म्हणाला. "पण वर अहवाल जातो. तीन महिने मला कुंड्या, स्कूटरी आणि बाक. मी वळणावर उभा राहिलो तर साहेब विचारणार, तिथे कुंडी होती का?"

"बरं, कुंड्यांचं तुम्ही करणार काय?"

"रोज एक तास पहारा. तक्रारदार सांगेल त्या वेळी."

"कुठे?"

"कुंड्या असतील तिथे."

टेलरबाई दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. कापड कापण्याआधी दोनदा मोजायची त्यांना सवय होती.

"आणि कुणी कुंडी हलवली तर?"

"हलवणं म्हणजे चोरीचा प्रयत्न. नोंद करावीच लागते." हवालदाराने त्यांच्याकडे पाहिलं. मग तक्त्याला रबरबँड लावण्यात तो जरा जास्तच गुंतला. "मी काही सुचवलेलं नाही, बाई."

"तुम्ही कशाला सुचवाल?"

काकूंकडे मात्र एवढ्या सहज जमलं नाही.

"रस्त्यावर? माझ्या कुंड्या?" काकू म्हणाल्या. "अगं, अंगणातून गेल्या म्हणून मी रडतेय, आणि तू त्या गाड्यांपुढे मांडायला निघालीस?"

"अंगणात कोणाचं लक्ष नव्हतं, काकू. इथे पोलीस उभा राहील."

"आणि एखाद्याने उडवली तर?"

"सध्या तिथे अण्णा चालतात," टेलरबाई म्हणाल्या.

काकू बराच वेळ पुदिन्याची पिकली पानं खुडत बसल्या.

"तीन टिकल्या दिल्यास म्हणून आता वसुली करतेस होय गं?"

"टिकल्या ठेवा तुम्हाला. कुंड्या द्या."

"उरलेली कोरफड मिळणार नाही. ती माझ्या माहेरची आहे." काकू उठल्या. "तो सिमेंटचा हौद ने. तीन माणसांना उचलत नाही मेला. त्याला धडकेल त्याची स्कूटर भंगारात जाईल."

सोमवारी सकाळी बेकरीवाल्याने आणि सरांनी, दोघांनीही शरमेपोटी, आणखी चौघांना हाताशी घेऊन हौद आणि सात कुंड्या वळणावर आणून मांडल्या. टेलरबाईंनी खडूने कमान आखून दिली होती. बाहीची मुंढा-कमान त्या रोज कापत, वळण त्यांच्या हातातलंच होतं. गाडी जाईल एवढी जागा राहिली, फक्त मुंगीच्या चालीने. भिंतीच्या बाजूला माणसाला चालायला एक पट्टा सुटला. तक्रारदार म्हणून काकूंनी पहाऱ्याची वेळ कळवली, दुपारी बारा ते एक.

बारा वाजता हवालदार वही घेऊन हजर झाला. पहिली स्कूटर भरधाव आली, हौद पाहून दचकली आणि सासरी आल्यासारखी खालमानेने गेली. मग एक मोटार थांबली.

"हे काय मध्येच? बाजूला करा हो या."

"हात लावू नका," हवालदार शांतपणे म्हणाला. "प्रकरण नाजूक आहे. एक्कावन्न मतांचं आहे."

मोटारवाल्याने कुंड्यांकडे पाहिलं, गणवेशाकडे पाहिलं आणि पहिल्या गिअरमध्ये निघून गेला.

साडेबाराला अण्णा आले. टेलरबाईंनी मशीनवरचा पाय काढला. काचेतून त्यांना अण्णा भिंतीच्या पट्ट्यातून सावकाश येताना दिसले. दोन स्कूटरी त्यांच्या मागे रांगेत थांबल्या होत्या, आणि हे त्यांच्या गावीही नव्हतं. हवालदारापाशी ते थांबले, त्याचा हात धरून मनगट उलटं केलं, काहीतरी बोलले आणि पुढे निघाले.

"भर दुपारी पोलीस कुंड्या राखतोय," डबा टेबलावर ठेवत अण्णा म्हणाले. "या लोकांना कामधंदा उरला नाही."

"हो ना," टेलरबाई म्हणाल्या आणि डबा उघडू लागल्या. चेपलेलं झाकण एका बाजूने अजून अडत होतं.

"पुढच्या बैठकीला मी येणार आहे. खरा प्रश्न कोणीतरी मांडायला हवा."

"कुठला?"

"त्या हवालदाराचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे. अशाने पहारा काय देणार तो?"

झाकण एकदाचं निघालं. भाजी जागच्या जागी होती.

"मांडा की," टेलरबाई म्हणाल्या. "फक्त टिकल्या तुमच्या तुम्ही लावा, अण्णा. तिन्ही. कोणाला वाईट वाटलं तर वाटू दे."