मागे आवाज नको

सोनिकाची तेरवी झाली त्याच संध्याकाळी सासूबाईंनी विषय काढला. पाहुणे पांगले होते, मांडववाला बांबू सोडत होता, आणि ओमप्रकाश वस्तरा फिरलेलं डोकं भिंतीला टेकून बसला होता.

"जवाई, वाईट वाटून घेऊ नका," शोभाताई म्हणाल्या, "पण पोरीले आम्ही मौद्याले घेऊन जातो."

"काहून?"

"काहून म्हणजे? तुम्ही सकाळी गाडीले किक मारता ते अंधार पडल्यावर येता. आज हिंगणा, उद्या काटोल. आठ वर्षांची पोर शाळेतून येईन तं घरात कोण आहे? दार उघडलं का रस्ता, अन् रस्त्यावर ट्रक."

त्यात खोटं काही नव्हतं. ओमप्रकाश इंटरनेटचं कनेक्शन बसवणारा माणूस. खांबावर चढायचं, वायर ओढायची, लोकांच्या घरात राउटरचा डबा लावून द्यायचा आणि पुढच्या घरी पळायचं. वाडीत, अमरावती रोडला लागून त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या. आजूबाजूला गोदामं. सोनिका होती तोवर या गोष्टींचा विचार करायची वेळ आली नव्हती. मग ती धंतोलीच्या दवाखान्यात गेली आणि तिथून परत आली नाही.

चिन्मयी आतल्या खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होती. ओमप्रकाशने तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी घरूनच काम करतो."

"कोणतं?"

"पाहतो. आहेत तशी कामं."

शोभाताईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचीही लेक गेली होती, भांडायची ताकद त्यांच्यातही नव्हती. "घरी राहून होत असन तं पोर तुमचीच आहे. मी का हिसकून नेऊन राहिली? पण ती एकटी राह्यते असं माझ्या कानावर आलं, तं मी विचारणार नाही. येईन अन् नेईन."

असं काम असतं हे त्याला सौरवने सांगितलं. सौरव त्याच्यासोबत खांबावर चढणारा, तोंडाचा फाटका पण मनाने बरा.

"एक कंपनी आहे पुण्याची. लोकाईचं नेट बंद पडलं का ते फोन करतात, आपण घरी बसून सांगायचं, हे बटन दाब, ते वायर काढ. पण तुले जमन का बे? तू फोनवर हॅलोच्या पुढं जात नाही."

"जमवतो."

"वहिनी म्हणे ना, यांच्यापेक्षा आमचा मिक्सर जास्त बोलते." आणि मग, आपण काय बोललो हे लक्षात येऊन सौरवने जीभ चावली. थोड्या वेळाने त्याने स्वतःच्या मोबाइलवरून अर्ज भरून दिला.

मुलाखत व्हिडिओवर झाली. अदिती नावाची मुलगी होती, वयाने लहान, बोलायला स्वच्छ. तिने आधी कामाबद्दल विचारलं. डब्यावर लाल दिवा लागला म्हणजे काय, हिरवा लुकलुकतो म्हणजे काय. ते सगळं त्याला येत होतं. मग ती म्हणाली, "आता मी कस्टमर आहे. चिडलेली आहे. बोला." आणि ती खरंच चिडून बोलू लागली, सकाळपासून नेट नाही, मुलाची परीक्षा आहे, तुम्ही लोक करता काय.

ओमप्रकाश घाबरला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही पत्ता सांगा. मी येतो अर्ध्या तासात."

अदिती हसली. "सर, तुम्ही कुठेही येणार नाही. तुम्ही खुर्चीतून उठायचंच नाही. हे काम तेवढंच आहे."

"सवय आहे मॅडम."

"मोडा ती सवय." मग तिने घराबद्दल विचारलं. घरात कोण कोण आहे, शांत खोली आहे का. शेवटचं तिने दोनदा सांगितलं. "मागे आवाज नको. कुकर नको, टीव्ही नको, लहान मूल नको. कॉल रेकॉर्ड होतात. पहिला महिना ट्रायल असतो. मागे आवाज आला तर एकदा समज देतो. दुसऱ्यांदा आला तर लॉगिन बंद होतं. मी काही करू शकत नाही, ते वरून होतं."

"येणार नाही मॅडम."

पुढची खोली रस्त्यावर होती. ट्रक मागे घेताना वाजतात ते भोंगे दिवसभर तिथे घुमायचे. म्हणून त्याने टेबल स्वयंपाकघरात, ओट्याला लागून लावलं. खिडकीवर गोधडी ठोकली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. गॅस सकाळीच आटपायचा. पोळ्या तो जाड करायचा, पण करायचा. चिन्मयी दुपारी शाळेतून आली की पुढच्या खोलीत बसायची. झाकून ठेवलेलं जेवायची, मग वह्या काढायची.

तिला त्याने समजावून सांगितलं होतं. बाबांच्या कानावर हेडफोन असला की बोलायचं नाही. पाणी पाहिजे असेल तर दार हळूच लोटून रिकामा ग्लास दाखवायचा. पोरीला पहिल्यांदा त्याचा खेळ वाटला. ती पावलं न वाजवता चालून दाखवायची, खुणा करून हसायची.

काम अवघड नव्हतं, पण माणूस त्यात पिळून निघायचा. दिवसभर हिंदीत, मराठीत तीच वाक्यं. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. मी आपली अडचण समजू शकतो. अदिती सांगायची, "सर, तुमचा आवाज फार पडलेला आहे. थोडं हसून बोला. हसलेलं फोनवर कळतं." मग तो गोधडी ठोकलेल्या खिडकीकडे पाहून तोंड हसरं करायचा आणि कुठल्यातरी अनोळखी माणसाला विचारायचा, सर, दिवा कोणत्या रंगाचा दिसतोय?

पहिल्याच आठवड्यात तो प्रकार झाला. चिन्मयी टीव्हीचा आवाज बंद करून कार्टून पाहत होती. त्यात काही गमतीचं झालं असेल. ती मोठ्याने हसली. सोनिका गेल्यापासून पहिल्यांदा हसली असेल. दारातल्या चिंध्यांनी ते हसणं अडलं नाही. संध्याकाळी अदितीचा मेसेज आला. समज दिली आहे, यापुढे काळजी घ्यावी.

ओमप्रकाश बाहेर आला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर कदाचित बरं झालं असतं. तो तिच्यासमोर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "पुन्हा आवाज आला तं माझं काम जाईन. काम गेलं तं आजी येईन अन् तुले घेऊन जाईन. मंग तू तिकडं अन् मी इकडं. समजलं?"

पोरीने मान हलवली. त्यानंतर तिने टीव्ही लावलाच नाही. खेळ संपला होता. हेडफोन कानावरून उतरल्यावरही ती खुणाच करू लागली. रात्री जेवताना तो विचारायचा, शाळेत काय झालं? ती म्हणायची, काही नाही. थकला असल्यामुळे त्याला ते बरंच वाटायचं. पोर शहाणी झाली, असं तो सौरवला सांगायचाही.

मनकर्णामावशी आली ती महिना संपत आला तेव्हा. शोभाताईंची थोरली बहीण. सोनिका लहानपणी निम्मी तिच्याच घरी वाढलेली. तेरवीला तिच्या पायाचं ऑपरेशन झालेलं होतं, म्हणून येणं राहून गेलं होतं. ती आता काठी टेकत, शोभाताईंना सोबत घेऊन भेटीला आली.

त्यांच्याकडची रीत अशी, की मयताच्या घरी पहिल्यांदा जाणारी बाई उंबरठ्यावरूनच रडत आत येते. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन मोठ्याने रडते. घरातली बाई उठून तिच्या गळ्यात पडते, दोघी रडतात, मग बसतात. ते झाल्याशिवाय त्या घरचं पाणी घ्यायचं नाही. आणि या घरात आता बाई म्हणावी अशी एक चिन्मयीच होती.

ओमप्रकाश कॉलवर होता. पलीकडे कोणी म्हातारे गृहस्थ होते, त्यांना डब्यामागचं बटन सापडत नव्हतं. तेवढ्यात बाहेर दार वाजलं आणि आवाज आला, "सोनू वं माय माही..."

एवढाच. पुढचा आला नाही. हातातून पडायच्या आत कोणी भांडं धरावं तसा तो आवाज थांबला.

त्याने मागे वळून पाहिलं. मघाशी ग्लास दाखवायला उघडलेलं दार नीट लागलं नव्हतं, तेवढ्या फटीतून दिसलं. मनकर्णामावशी उंबरठ्यावर वाकलेली होती. चिन्मयी टाचा उंचावून उभी होती आणि तिने आपला तळहात म्हातारीच्या तोंडावर दाबून धरला होता. दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या ओठांवर. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहून पोरीच्या बोटांवर येत होतं आणि शोभाताई मागे पिशवी धरून तशाच उभ्या होत्या.

"हॅलो? आहात का?" कानात गृहस्थ म्हणाले.

त्याला उठता आलं असतं. लाइन कापता आली असती. तो म्हणाला, "हो सर, आहे. बटन दाबून धरा. दिवा लागला का?"

दिवा लागेपर्यंत तो बोलत राहिला. मग ब्रेक टाकून, हेडफोन काढून बाहेर आला. तिघी पुढच्या खोलीत बसल्या होत्या. मावशी पदराने तोंड पुसत होती. पाण्याचा तांब्या समोर तसाच भरलेला.

"मावशी, पाया पडतो."

"राहू दे गा. तुह्या पोरीनं मले रडू नाही देल्लं."

"बाबाचा कॉल सुरू होता," चिन्मयी हळूच म्हणाली.

"आता बंद आहे मावशी. आता रडा. मोकळं व्हा."

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. "आता कसं रडू? सांगितल्यावर येते का ते? लेकराच्या घरी आली अन् तोंड दाबून बसली. आता का रस्त्यावर जाऊन रडू?"

बाहेर एक ट्रक मागे येत होता. शोभाताई नातीकडे पाहत होत्या. त्यांनी तिला जवळ ओढलं, केस मागे सारले.

"चिनू, तू आईची याद आली तं रडत नाही का वं?"

पोरीने मान हलवली. नाही.

"काहून?"

तिने बापाकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "बाबा, तुमचा ब्रेक संपून राहिला."

शोभाताईंनी डोळे मिटून घेतले. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "जवाई, मी हिले घेऊन जातो."

"आई, तुम्ही म्हणाले होते, घरी राहिलो तं पोर माझी. मी घरीच आहे. दिवसभर घरीच आहे. एक दिवस तिले एकटं नाही सोडलं."

"हो. म्हणली होती."

"दोन-चार दिवसांत नोकरी पक्की होऊन राहिली."

"हो ना. मी कुठं नाही म्हणतो? तुम्ही तुमचं केलं." त्या भांडत नव्हत्या. "तिलेच विचारा."

त्याने विचारलं नाही. पण चिन्मयीने आजीच्या कानाशी तोंड नेलं. त्या घरात कुजबुजलेलंही स्पष्ट ऐकू येत असे.

"तिकडं दिवसा बोलता येते का?"

ओमप्रकाश उभा होता तो खाली बसला. ब्रेक संपला होता. पोरीकडे पाहत तो म्हणाला, "सहा वाजता सुटतो मी. तोवर थांबा. तिचे कपडे काढून देतो."

तो आत गेला, हेडफोन चढवला. त्या तिघी पुढच्या खोलीत सहा वाजेपर्यंत बसून होत्या. एकदाही आवाज आला नाही.

निघताना त्याने पोरीचं दप्तर आणि कपड्यांची पिशवी दारापर्यंत नेली. उंबरठा ओलांडून रस्त्यावर पाय पडला मात्र, मनकर्णामावशीने काठी टाकून दिली, चिन्मयीला पोटाशी धरलं आणि हंबरडा फोडला. सोनू वं, माय वं, कुठं गेली वं. गोदामावरचे हमाल वळून पाहू लागले. पोर आधी घाबरली. तिने मागे बापाकडे पाहिलं. त्याने मानेनेच हो म्हटलं, आणि ती रडू लागली. आईला हाक मारून, तोंड उघडं टाकून, इतक्या दिवसांचं सगळं रडू लागली. शोभाताईही त्यांच्यात मिसळल्या. ओमप्रकाश दारात पिशवी धरून उभा होता. ऑटोवाला म्हणाला, "भाऊ, सामान द्या," तेव्हा तो पुढे झाला.

चार दिवसांनी अदितीचा फोन आला. ती खरोखर खूश होती. "अभिनंदन सर. तुमचं पक्कं झालं. पहिली समज सोडली तर एक कॉल खराब नाही. इतकं शांत घर आमच्या टीममध्ये कोणाचं नाही. घरी सांगा, आनंद होईल सगळ्यांना."

"हो मॅडम. सांगतो."

त्याने मौद्याला फोन लावला. शोभाताईंनी उचलला. मागे अंगणात पोरांचा गलका होता आणि त्यात एक आवाज सगळ्यांच्या वर, कोणालातरी आउट झाला म्हणून भांडत होता.

"नोकरी लागली आई. पक्की."

"बरं झालं गा बापू. बोलवू का तिले?"

ओमप्रकाश ऐकत होता. "नको," तो म्हणाला. "खेळू द्या. फोन फक्त ठेवू नका जरासा."