गवंड्याची साक्ष

"सांडशी धरतेस का?" लोहारानं विचारलं.

"नाही." बायको भाता ओढत होती. तिनं मान वर केली नाही. "भाता ओढीन, कोळसा फोडीन, पाणी भरीन. सांडशी नाही धरायची मी."

"अगं, दारू सोडलीय आता. तू बघतेसच की."

"बघतेय ना. डोळे शाबूत आहेत माझे. बोटं गेलीत."

पिकं निघून रानं उघडी पडली होती, जमीन वाळून दगड झाली होती आणि ढेकळांवर आपटून साऱ्या गावाचे फाळ बोथट झाले होते. दारात फाळांचा ढीग पडलेला. एका हातात सांडशी धरली की दुसऱ्या हातानं घण पेलत नाही. नुसत्या हातोड्यानं टकटक करत बसावं लागतं. पण बोलायला जागा कुठं होती? मागच्या वर्षी असाच तापलेला फाळ बायकोनं ऐरणीवर धरला होता. लोहार सकाळीच ढोसून आलेला. घण फाळावर पडायचा तो तिच्या हातावर उतरला. दोन बोटं जागच्या जागी चेंदली.

तेव्हा गावानं त्याला तोंड भरून शिव्या दिल्या. सख्ख्या भावानं दार लावून घेतलं. घरी आला तो एकटा गवंडी, पलीकडच्या वस्तीवरचा. अंगानं काटकुळा, कपड्यांवर चुन्याचे डाग. उंबऱ्यात बसला आणि म्हणाला, "शहाणपण शिकवायला आलो नाही मी. मीपण पीत होतो. नशेत बांधलेली माझी भिंत माझ्याच मजुरावर पडली. आज तुझ्यापाशी बसलो नाही तर मी सरळ गुत्त्यावर जाईन. म्हणून आलोय. बसू दे."

असं त्याच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं.

गवंड्यानंच त्याला दूध डेअरीच्या मागच्या खोलीत नेलं. दर बुधवारी संध्याकाळी तिथं पाच-सहा जण जमायचे. खोलीला आंबलेल्या दुधाचा वास, बसायला पालथे कॅन. एक म्हातारी सुईण यायची. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, आणि सून तिला नातवाला हात लावू देत नव्हती. कुणी कुणाला उपदेश करायचं नाही, आपलं आपण सांगायचं, दुसऱ्याचं ऐकायचं, आणि आजचा दिवस प्यायची नाही एवढं ठरवून उठायचं. मधल्या दिवसांत घसा कोरडा पडला की लोहार गवंड्याच्या कामावर जाऊन विटा चढवून द्यायचा. गवंडी काही विचारायचा नाही. "दे अजून," एवढंच म्हणायचा.

आणि एका बुधवारी गवंडी आलाच नाही. डेअरीवाल्यानं सांगितलं, गुत्त्यावर बसलाय, सकाळपासून.

"पण का?" लोहार हादरलाच. "काय झालं असं?"

"कारण शोधू नकोस," सुईण म्हणाली. "आपल्याला कारण लागतं कुठं? उद्या आपण दोघं जाऊ. तू एकटा जायचं नाहीस तिथं. कळलं?"

कळलं होतं. पण दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत लोहाराला दम निघेना, आणि तो एकटाच गेला.

गवंडी कोपऱ्यातल्या बाकावर होता. डोळे तांबारलेले, ओठाला फेस. "आला बघा चेला!" तो हसला. "मला शिकवायला आलास? मी शिकवलेलं मलाच?"

"शिकवायला नाही, दादा. बसायला आलोय."

"मग बस. पण कोरडा नको बसूस." गवंड्यानं ग्लास पुढं सरकवला.

तो वास नाकात शिरला आणि लोहाराच्या तोंडाला पाणी सुटलं. हात आपोआप टेबलावर चढला. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि लहान पोरासारखा त्यांच्यावर बसून राहिला. किती वेळ गेला त्याला कळलं नाही. शेवटी गवंडी चिडला, उचलला ग्लास आणि ओतला त्याच्या छातीवर. मग हुंदके देत त्याच्याच खांद्यावर कोसळला.

लोहारानं त्याला काखेत घातला आणि भर दुपारी गावातून घेऊन निघाला. गवंड्याचा झोक गेला की लोहाराचाही जायचा. पारावरून कुणीतरी ओरडलं, "जमली रे जोडी परत!"

बायको दारातच उभी होती. त्यांच्या आधीच बातमी पोचली होती.

"मी घेतली नाही," लोहार म्हणाला.

"सदऱ्याचा वास येतोय."

"यानं ओतली अंगावर. विचार त्याला."

तिनं थोटा हात पदराखाली घेतला आणि बाजूला झाली. गवंडी भट्टीशेजारी आडवा झाला तो दुसऱ्या सकाळी उठला. बायकोनं त्याला चहा दिला, नीट समोर बसली. लोहार भिंतीला टेकून उभा.

"भाऊ, तुम्ही माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीत," ती म्हणाली. "आता खरं सांगा. काल यांनी घेतली?"

गवंड्यानं कप खाली ठेवला. लोहाराकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. हो म्हणाला असता तर खोटं, आठवत नसताना नाही म्हणाला असता तरी त्याच्या लेखी खोटंच. आणि खोटं न बोलणं तर त्यानंच सगळ्यांना शिकवलेलं.

"आठवत नाही, बाई," तो म्हणाला. "मला काहीच आठवत नाही."

बायको उठली. भांडली नाही, रडली नाही. कप विसळला आणि आत गेली.

पुढच्या बुधवारी दोघं डेअरीच्या खोलीत गेले. गवंडी दाराशीच बसला, नव्यानं आलेला माणूस बसतो तसा. लोहाराची पाळी आली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मी गेल्या आठवड्यात गुत्त्यावर बसलो होतो. प्यायलो नाही. घरी कुणाला खरं वाटत नाही."

बाहेर कॅन धुतल्याचा आवाज येत होता.

"आमच्या घरी अजून नाही वाटत," सुईण म्हणाली. "आणि मला तर सोडून जन्म झाला. बरं, पुढं कोण बोलतंय?"