खांबाला गुंडाळलेली घोंगडी

मी घोंगडी बोलतेय, आणि रागातच बोलतेय.

पोखर्णीजवळच्या वस्तीवर भागुबाईनं आपल्याच मेंढ्यांची लोकर कातली आणि सनगरानं मला विणलं. तिचा नवरा येडबा मला खांद्यावर टाकून वीस वर्षं मेंढरांमागं हिंडला. तो गेल्यावर त्याच्या मास्तर झालेल्या लेकानं, रामहरीनं, मला मानवतच्या घरी नेलं. माझ्यावर कुणाची चप्पल पडली तर तो अंगावर धावून जायचा. "आमच्या बापाची घोंगडी हाय ती!" मला त्याचा केवढा अभिमान होता!

गेल्या डिसेंबरात आईला नि बायकोला, साधनाला, घेऊन तो चिखलदऱ्याला गेला. थंडी म्हणून मलाही घेतलं. कॉफीचे मळे झाले, स्ट्रॉबेरीचे वाफे झाले, मग त्याला 'आदिवासी गाव' बघायची हौस आली.

कोरकूंच्या एका गावात फुलाबाई नावाच्या बाईनं त्यांना घरी बसवून कुटकीचा, त्या बारीक भरडधान्याचा, भात वाढला. तिघं पोटभर जेवले. गावाबाहेर झाडाखाली सागाचे खांब उभे होते, त्यांवर चंद्र, सूर्य, घोडेस्वार कोरलेले. रामहरीनं मला एका खांबाला गुंडाळलं, वर आपला गॉगल अडकवला आणि त्याच्या गळ्यात हात टाकला.

"साधना, काढ फोटो. पाटील दिसायलाय का न्हाई?"

फोटो निघाला. तेवढ्यात फुलाबाई धावत आली.

"काढा ते! माझा सासरा आहे हा. गेलेल्या माणसाच्या नावानं आम्ही खांब उभा करतो."

"लाकूडच हाय की, बाई," रामहरी हसला.

माझा धागा न् धागा पेटला. त्याच्या बापाचा घाम अजून माझ्यात मुरलेला आहे, आणि हा दुसऱ्याच्या बापाला लाकूड म्हणतो!

भागुबाई पुढं आली. तिनं मला सोडवलं, पदरानं खांब पुसला, फुलाबाईपुढं हात जोडले. मग लेकाकडं वळली.

"मंग ही बी लोकरच हाय की. कर हिचं पायपुसणं."

रामहरीची मान खाली गेली, पण माफी काही तोंडून निघाली नाही. सांजेला कुडकुडत त्यानं हात पुढं केला. "माय, घोंगडी दे."

"न्हाई द्यायची."

आता मी पोखर्णीला भागुबाईच्या बाजेवर असते. तो फोटो मात्र रामहरीनं मोबाईलवरून सगळ्या ग्रुपवर टाकला. 'लय भारी' म्हणून लोक अजून हसायलेत.

रामहरी, आधी तो फोटो तिथून काढून टाक. मग त्या डोंगरावर जा, फुलाबाईच्या सासऱ्यापुढं वाक. तोवर माझ्याकडं ऊब मागायला येऊ नकोस.