‘पी’वरच आहे

आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. बाबांनी तिला गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात आणलंय, गाडी फाटकातच आडवी उभी आहे आणि किल्ली काही केल्या निघत नाहीये, एवढंच ती म्हणाली. मीटिंग सोडून धावत सुटले. आईचं ऑपरेशन झाल्यापासून एक दिवसाआड बाबाच तिला इथे आणतात. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी गाडी खांबाला घासली, तेव्हापासून डोळे तपासून घ्या म्हणून मी त्यांच्या मागे लागलेय. डोळे ठणठणीत आहेत, खांबच चुकीच्या जागी आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर, डॉक्टरांनी गाडी बंद केली तर यांचं पुढे काय, हा घोर मलाही होताच. तेवढं एकच काम आता त्यांच्याकडे उरलंय.

पोचले तर बाबा स्टिअरिंगमागे ठाण मांडून बसलेले, मागच्या सीटवर आई, आणि रखवालदार दर मिनिटाला येऊन गाडी काढा म्हणतोय. काढणार कशी? ती पुन्हा चालूही होत नव्हती.

मी गॅरेजवाल्याला फोन लावला. त्याने सांगायचं, मी ते खिडकीतून बाबांना सांगायचं आणि बाबांनी ते कधीच करून झालंय म्हणायचं, असा खेळ सुरू झाला. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत किल्ली फिरवा. झालंय करून. ब्रेक दाबून फिरवा. तेही झालंय. ऑटोमॅटिक गाडी आहे, गिअर ‘पी’वर, म्हणजे पार्किंगवर आहे ना, नाहीतर किल्ली सुटत नाही. ‘पी’वरच आहे, त्याला म्हणावं तुझा जन्म व्हायच्या आधीपासून गाडी चालवतोय मी. त्याने तिसऱ्यांदा तेच विचारलं तेव्हा बाबांनी माझ्या हातून फोन घेऊन त्याची हजेरीच घेतली. बिचाऱ्याने हात टेकले. कुलूपच बदलावं लागेल, गाडी उचलून न्यायला माणसं पाठवतो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. या माणसाला माघार म्हणून ठाऊक नाही. खांब चुकीचा, गॅरेजवाला चुकीचा, आता कुलूप चुकीचं. मी दार उघडलं आणि बाबांना सरळ खाली उतरा म्हटलं. उतरले, पण धुसफुसत, आणि मी काय दिवे लावते ते बघत दाराशीच उभे राहिले.

मी बसले आणि खाली नजर गेली. हँडब्रेक ओढलेला होता. गिअरचा दांडा मात्र ‘आर’वर, गाडी मागे घ्यायच्या खुणेवर होता. ‘पी’च्या एकच घर अलीकडे.

आता सापडलात, मी मनात म्हटलं. पंधरा दिवसांचा राग एकदम वसूल करायची संधी होती.

“बाबा, जरा वाका. दांडा कशावर आहे ते वाचा बघू.”

ते वाकले. चष्मा वर केला, खाली केला. माझ्या खांद्यावर हात टेकून आणखी आत आले. अगदी मन लावून, नीट पाहिलं त्यांनी.

“पी,” ते म्हणाले. “तुला दिसत नाही का?”

‘आर’चा तो तिरका पाय त्यांना दिसतच नव्हता. इतका वेळ मी ज्याला हेका समजत होते, तो हेका नव्हताच. आरशात आई दिसली. तिने मान खाली घातली होती, म्हणजे तिलाही कळलं होतं.

मी दांडा एक घर पुढे सरकवला. किल्ली अलगद हातात आली.

बाबांचा चेहरा खुलला. कुलूपच खराब आहे, मी सांगत नव्हतो का, असं म्हणत त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

“गाडी मी लावते, बाबा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग आईकडे पाहिलं. तिची मान खालीच होती.

“आणि परवा?” त्यांनी विचारलं.

“परवाही मीच येईन,” मी म्हणाले.

त्यांनी हात तसाच पुढे धरून ठेवला होता.