हिरव्या डोक्याची बदकं

"मानेला धरू नकोस रे," लोरेनाबाई म्हणाल्या. "पोटाखालून हात घाल. मान निखळून हातात येते, मग बस रडत."

ग्रेडीनं लाकडी बदक खाली ठेवलं आणि पुन्हा, या वेळी दोन्ही हातांनी, उचललं. मेरीलँडमधल्या खाडीकाठच्या या संग्रहालयात त्याला चार वर्षं झाली होती. बदकांवर त्यानं लेखही लिहिले होते. पण शिकारीसाठी ती आमिष म्हणून पाण्यात सोडून खऱ्या बदकांची वाट बघत कुडकुडत बसण्याचा योग काही त्याला आलेला नव्हता. ते दिसतंच आहे, असं लोरेनाबाईंची लेक जॉयस मनात म्हणाली.

टेबलावर अशी सात बदकं होती. लोरेनाबाईंच्या नवऱ्यानं, सेव्हर्ननं, घडवलेली. सत्तावनच्या नोव्हेंबरात तो पहाटे कालवं काढायला गेला. संध्याकाळी त्याची होडी पालथी सापडली, तो सापडला नाही. चर्चमागच्या दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड आहे, दगडाखाली कुणी नाही. जॉयस तेव्हा नऊ वर्षांची होती. पुढे दुकानदार हार्लननं दोनदा लग्नाचं विचारलं आणि दोन्ही वेळा "मी सेव्हर्नची बायको आहे" एवढंच सांगून लोरेनाबाईंनी त्याला वाटेला लावलं. आता सत्तरी उलटली होती, लेकीच्या दोन खोल्यांत राहायला जायचं होतं, म्हणून बदकं संग्रहालयाला द्यायची ठरली. आत येताना जुन्या होड्यांचं दालन लागलं, तिथे त्या थांबल्या नाहीत. एकेचाळीस वर्षांत त्यांनी लाकडी होडीकडे सरळ पाहिलेलं नव्हतं.

"एक विचारू का, लोरेनाबाई?" ग्रेडी म्हणाला. "नांगराची दोरी बांधायची चामड्याची पट्टी आपल्याकडे सगळे छातीच्या मधोमध ठोकतात. तुमच्या यजमानांनी डाव्या अंगाला ठोकली आहे. सातही बदकांना."

"डावखुरा होता तो. होडीतून फेकायला सोपं पडायचं त्याला."

ग्रेडीचा चेहरा उजळला. तो लगबगीनं कपाटाकडे गेला आणि एक बदक घेऊन आला, पोटाखालून धरून.

"मग हे बघा. खाली दक्षिणेला, कॅरोलिना राज्यातून आलंय. अगदी तशीच पट्टी, डाव्या अंगाला. मला वाटतं, त्यांनी तिकडच्या कुणाला तरी शिकवलं असणार."

त्यानं ते उलटं केलं. पोटावर चाकूनं साल कोरलेलं होतं. सेव्हर्नच्या बदकांवरही असंच साल असे. त्रेपन्न, चोपन्न, छप्पन्न. या बदकावर होतं एकोणसत्तर.

जॉयसनं टेबलाची कड घट्ट धरली. आईनं आकडा बघायच्या आत तिला इथून बाहेर काढायला हवं, एवढंच तिला सुचलं.

"आई, चल आता. खेकड्याचं सँडविच खायचं म्हणाली होतीस ना? उशीर केला की संपतात."

"थांब गं."

लोरेनाबाईंनी बदक मांडीवर घेतलं. गळ्याखालून अंगठा फिरवला. मग छातीवरून, मग पुन्हा गळ्याखालून.

"शिकवलेलं नाही हे. त्यानंच केलंय."

"पण बाई, हे एकोणसत्तरचं आहे."

"वाचता येतं मला."

ग्रेडीचा चेहरा उतरला. आपण काय करून बसलो हे त्याला आत्ता कळलं. जॉयसला राग यायला हवा होता, पण रागसुद्धा येईना. दर नोव्हेंबरला पाण्यात फुलं सोडणारी आई तेवढी डोळ्यांपुढे येत होती.

"कोण होता हा माणूस?" जॉयसनं विचारलं.

"एका शिकारी क्लबाचा राखणदार." ग्रेडी खालमानेनं सांगू लागला. "खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. लोक त्याला नुसतं 'मेरीलँड' म्हणायचे. बहात्तरच्या थंडीत वारला."

"घरी कोण कोण होतं त्याच्या?"

"ते नाही कळलं."

पंधरा वर्षं. पंधरा वर्षांत माणूस दुसरा संसार थाटतो, दुसऱ्या मुलांना खांद्यावर घेतो. जॉयसला आईकडे बघवेना. लोरेनाबाईंनी मात्र चष्मा काढून कोटाच्या कडेनं पुसला आणि पुन्हा चढवला.

"याचं डोकं हिरवं का रे?"

"तेच तर कोडं आहे," ग्रेडी म्हणाला. बोलायला दुसरं काहीतरी मिळालं म्हणून त्याला हायसं वाटलं. "हे कॅनव्हासबॅक जातीचं बदक आहे. पाठ पांढरी, छाती काळी, उतरत्या चोचीची ठेवणसुद्धा अचूक. पण डोकं तांबडं हवं. सहा पानं लिहिली आहेत मी त्यावर. कदाचित मुद्दाम, काही वेगळं साधायला..."

"किती आहेत अशी?"

"अकरा. त्याच्या खोपटातच सापडली. अठ्ठावन्नपासून एकाहत्तरपर्यंतची."

"सगळ्यांची डोकी हिरवी?"

"सगळ्यांची."

"एकाचंही तांबडं नाही?"

"नाही, बाई."

लोरेनाबाईंनी त्या हिरव्या डोक्यावरून बोट फिरवलं.

"तुझी सहा पानं फाडून टाक," त्या म्हणाल्या. "त्याला तांबडं-हिरवं कळायचं नाही. लाज वाटायची, म्हणून कुणाला सांगायचा नाही. रंगाचा डबा मी काढून द्यायचे हातात."

जॉयसला हे ठाऊक नव्हतं. "म्हणजे गं?"

"म्हणजे डबा काढून द्यायला कुणी नव्हतं तिथे. बाई असती, पोर असतं, तर पहिल्याच बदकाला हसलं असतं."

जॉयसला एकदम मोकळं वाटलं, आणि मोकळं वाटल्याची लगेच शरमही वाटली. तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"एकटेच होते बाबा," ती हळूच म्हणाली. "दुसरं कुणी नव्हतं, आई."

"हो ना." लोरेनाबाईंनी बदक टेबलावर ठेवलं, ते मानेला धरून. "दुसरी कुणी असती तर समजले असते मी. एकटंच राहायचं होतं, तर मेल्याला घरी यायला काय झालं होतं?"