झाकण लावलेलं आकाश

पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात दिवेलागणीनंतर रांग लागायची. पुढे तिवईवर दुर्बीण, शेजारी खुर्चीत चक्रबाबा, आणि फाटकातच एक भलामोठा रंगीत फोटो: मधे पिवळा गोळा, भोवती वळत गेलेल्या निळ्या-गुलाबी पाकळ्या. हे पुण्यचक्र, बाबा सांगायचे, जीव इथूनच खाली येतात आणि इथंच परत जातात. "मन स्वच्छ असेल त्याला पाकळ्या दिसतील. पापी असेल त्याला नुसता डाग." एवढं बोलून ते डोळे अर्धवट मिटायचे. स्वतः मात्र दुर्बिणीला कधी डोळा लावायचे नाहीत. त्यांना म्हणे तशी गरजच नव्हती.

आमच्या गल्लीत पापी कोणीच निघालं नाही. दूधवाल्याला पाकळ्या दिसल्या. वजनात मारणाऱ्या किराणावाल्याला तर त्या फिरतानाही दिसल्या.

मी शिवणकाम करते. तिन्हीसांजेला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते आणि चारचौघांत ते सांगतेही. माझी पाळी आली तेव्हा मला काचेवर ओलं बोट टेकवल्यासारखा एक पुसट डाग दिसला. बाजूला सासूबाई उभ्या होत्या. मी म्हटलं, "दिसल्या. कडेला गुलाबी झाकही आहे." फोटोत होती ना.

माझ्यामागे धाकटी जाऊ होती. ती बराच वेळ वाकून पाहत राहिली आणि म्हणाली, "मला डागच दिसतोय."

रांगेतली माणसं तिच्यापासून दोन पावलं मागे सरकली. घरात कोणी आजारी आहे का, बाबांनी विचारलं. धाकटीचं पोर तापानं फणफणत होतं, ते सासूबाईंनी सांगून टाकलं. बाबांना तेवढंच हवं होतं. आईच्या पापाची सावली पोरावर पडली आहे, तिला पाकळ्या दिसेपर्यंत तिनं पोराला शिवायचं नाही, डॉक्टरचं औषध बंद, फक्त मंतरलेलं पाणी द्यायचं. तिचा नवरा आईपुढे तोंड उघडत नाही, तसा तेव्हाही उघडला नाही.

पोर माझ्या खोलीत आलं. ते दाराकडे हात करून रडायचं आणि धाकटी दाराबाहेर फरशीवर बसून ऐकायची. संध्याकाळी रांगेत जायची, डाग पाहून परत यायची. शेवटी मला राहवेना. म्हटलं, "अगं, दिसलं म्हणून सांग आणि मोकळी हो."

"तुम्हाला दिसलं ना, ताई?" ती म्हणाली. "तुमची नजर पक्की. म्हणजे तिथं ते आहेच. मलाच दिसत नाही, तर माझ्यातच काहीतरी असणार. खोटं बोलून पोर बरं होणार आहे का?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पोराच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत बसले.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाई माझ्या गिऱ्हाईक. माप देताना त्यांनी दुर्बिणीचं विचारलं आणि मी त्यांनाही गुलाबी झाकेसकट सगळं ऐकवलं. त्या नुसतं "हं" म्हणाल्या. जाताना दाराबाहेर बसलेल्या धाकटीशी मात्र बराच वेळ बोलत राहिल्या.

त्याच संध्याकाळी बाई रांगेत सगळ्यांच्या पुढे होत्या. बाबांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना डोळे मिटून ध्यान करायला लावलं आणि स्वतःही मिटले. डोळे उघडले तेव्हा बाई बाजूला होऊन शांत उभ्या होत्या. रांग सरकू लागली. दूधवाला म्हणाला, आज पाकळ्या जास्तच उजळ आहेत. किराणावाल्यानं हात जोडले. मी डोळा लावला, तर मिट्ट काळोख. डागसुद्धा नाही. माझ्या तोंडून निघालं, "दिसतंय."

मग धाकटी वाकली. बऱ्याच वेळानं सरळ झाली. "आता तर डागही दिसत नाही," ती म्हणाली आणि तिथंच मटकन खाली बसली.

बाई पुढे झाल्या आणि त्यांनी दुर्बिणीच्या वरच्या तोंडाचं झाकण काढून सगळ्यांना दाखवलं. "ध्यान चाललं होतं तेव्हा मीच लावलं," त्या म्हणाल्या. "दिसणार कसं?"

मग त्यांनी धाकटीला हात धरून उठवलं आणि समजावून सांगितलं. तो डाग म्हणजे देवयानी दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांचा समूह. तिचा उजेड आपल्यापर्यंत यायला पंचवीस लाख वर्षं लागतात आणि तो इतका मंद असतो, की एवढ्याशा दुर्बिणीतून कोणाच्याही डोळ्याला पुसट डागच दिसतो, साधूच्या आणि चोराच्याही. फोटोतले रंग आणि पाकळ्या तासन्‌तास कॅमेऱ्यात उजेड साठवून मिळतात. "इथं खरं तू एकटीच बोललीस," बाई म्हणाल्या.

दिव्यदृष्टीला झाकण आडवं येत नाही, असं काहीतरी बाबा पुटपुटले. त्यांना कोणी हसलं नाही, कोणी जाबही विचारला नाही. विचारायचा तर आधी आपण खोटं बोललो हे कबूल करावं लागलं असतं. सगळे पायांकडे बघत घरी गेले आणि बाबांनी सुखरूप गाशा गुंडाळला.

त्याच रात्री धाकटी पोराला डॉक्टरकडे घेऊन गेली. ताप उतरणीला लागल्यावर ती त्याचं पांघरूण न्यायला माझ्या खोलीत आली.

"ताई, तुम्हालाही डागच दिसला होता?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

मी मान हलवली. तिनं पांघरूण उचललं आणि दार ओढून घेतलं. अजून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि तिचं बरोबर आहे.

बाबांकडे जादू नव्हती. होता एक फोटो, आणि पापी ठरण्याची आमची भीती. बाकीचं काम आम्हीच केलं. म्हणून सांगते, डोळ्यांना दिसेल तेवढंच बोला, कळलं नाही तर विचारा, आणि तापाला डॉक्टर गाठा. डाग दिसला तर डाग म्हणा. रांगेत तुमच्या मागे कोणीतरी उभं असतं आणि ते तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतं.