चिमाबाईंची टाळी आणि माझं घड्याळ

मित्रांनो, मी लोणावळ्याच्या तुंगार्लीतला एक जुना संगणक आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. माझा पंखा सुरू झाला की शेजारचं कुत्रं दचकून उठून बसतं, एवढं सांगितलं तरी पुरे. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते भुशीच्या रस्त्यावरचं एक हॉटेल. तिथं मी पाहुण्यांच्या खोल्यांची नोंद ठेवायचो आणि कीबोर्डच्या फटींत चिक्कीचा चुरा झेलायचो. मालकानं नवा संगणक आणला तेव्हा प्रदीपनं मला उचलून आपल्या पत्र्याच्या खोलीत नेलं. भिंतींना घोंगड्या ठोकल्या, माइक टांगला आणि दारावर पाटी लावली, 'स्टुडिओ'!

प्रदीप एरवी कारखान्यात असायचा आणि सुट्टीच्या दिवशी माझ्यापुढं. त्यानं माझ्या पोटात दोन बिऱ्हाडं वसवली. पहिलं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, सगळ्यांचे आवाज ओळीनं मांडून ठेवणारं. दुसरं ड्रमचं. त्याला फक्त वाजवता येतं, पण काय वाजवतं म्हणून सांगू! गंमत अशी की दोघांचं घड्याळ वेगवेगळं. मिनिटाला ठोके किती, हे दोघांचं जमलं नाही, तर एकत्र निघालेल्या दोघांची पुढच्या वळणावर चुकामूक ठरलेली. त्यासाठी 'सिंक' नावाचं बटण असतं. ते दाबलं की ड्रमवाला आपलं घड्याळ बाजूला ठेवतो आणि मुकाट्यानं रेकॉर्डिंगवाल्याच्या मागून चालतो.

हळदीची, वरातीची कितीतरी गाणी आम्ही केली. लोक म्हणायचे, "प्रदीप, मशीन लय भारी हाय तुजं!" मी फुगायचो. माझा ठोका केसभरही हलत नसे, आणि मला वाटायचं, ताल ताल म्हणतात तो हाच.

मग एका रविवारी चिमाबाई आल्या. या प्रदीपच्या मावशी, सुदुंबऱ्याच्या. सोबत त्यांची मुलगी अनघा होती. चिमाबाई एकेकाळी भीमगीतांच्या गायन पार्टीतल्या मुख्य गायिका. जयंतीला त्यांना ऐकायला आजूबाजूची गावं लोटायची. आता त्यांच्या गळ्यात गाठ आली होती. आठवड्यावर ऑपरेशन होतं, आणि नंतर गाता येईलच याची खात्री डॉक्टर देत नव्हते.

"आवाज गेला तर गेला," चिमाबाई म्हणाल्या, "पर ह्यांचं गाणं जाया नगं."

'हे' म्हणजे त्यांचे वारलेले यजमान, धोंडिबा. पार्टीत ढोलकी त्यांचीच. अनघाला शाळेत घातलं तेव्हा त्यांनी एक गाणं रचलं होतं. ते कुठं छापलं नाही की रेकॉर्ड झालं नाही. पार्टीतली माणसं पांगली, काही गेली. गाणं उरलं होतं ते फक्त त्या दुखऱ्या गळ्यात.

प्रदीप घाईघाईनं बसला. रेकॉर्डिंगवाल्याला त्यानं शहाण्णवचा वेग दिला आणि ड्रमवाल्याकडं बघायचंच विसरला. तो आपला कालच्या वरातीच्या एकशेवीसवर बसलेला, सिंक बंद! चिमाबाईंनी हेडफोन लावून तोंड उघडलं मात्र, कानात रेकॉर्डिंगवाल्याची ठोके मोजणारी टिकटिक एकीकडं आणि ड्रम भलतीकडं.

"अगं बया! वरातीचं घोडं बिथरलं का काय?" त्या हसल्या. प्रदीपनं जीभ चावली आणि सिंक दाबलं. दोन्ही घड्याळं जुळली. मला वाटलं, झालं काम.

कसलं काय! आता चूक कुठंच नव्हती, तरी गाणं बसेना. चिमाबाई पुढं जायच्या, अडखळायच्या, टिकटिक गाठायला धावायच्या. पुन्हा पुन्हा तेच. आवाज चिरकू लागला तेव्हा त्यांनी हेडफोन काढून ठेवला.

"न्हाई रं बाबा. ही टिकटिक मला पावलागणिक दटावती. आता एका गाण्यापुरता जीव उरलाय गळ्यात. चला घरी."

प्रदीप हेडफोनची वायर गुंडाळू लागला. अनघा मात्र आईच्या हाताकडं बघत होती. गाताना तो हात मांडीवर हळूच पडायचा. गायन पार्टीची रीतच तशी. मुख्य गायिका टाळी देते आणि ढोलकीवाल्यानं त्या टाळीवर नजर ठेवायची. तिनं लय चढवली की त्यानं चढवायची, ती थांबली की त्यानं थांबायचं.

"दादा, टिकटिक बंद कर," अनघा म्हणाली. "ड्रमही बंद. दुसरा माइक आईच्या हातापुढं लाव. आई, तू तुझ्या टाळीवर गा. बाकीचे येतील मागनं."

"आन् हे मशीन?"

"तेही येईल."

चिमाबाईंनी डोळे मिटले आणि टाळी दिली.

"पाटी उचल लेकी, वाट लांबची हाय..."

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! 'लेकी' म्हणताना त्या कणभर थांबायच्या, दर वेळी. लेकीला मागं वळून बघायला सवड द्यावी तशा. शेवटच्या कडव्याला टाळी चढली आणि तो थकलेला आवाज तिच्याबरोबर वर वर गेला. गाणं संपलं तरी प्रदीपचा हात माउसवर तसाच. अनघा पदरात तोंड खुपसून रडत होती.

मग प्रदीपनं चिकाटीनं एकेक टाळी पकडली आणि रेकॉर्डिंगवाल्याचा एकेक ठोका तिच्यावर नेऊन बसवला. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यातला वेगाचा आकडा कधी जागचा हलत नसे, तो हलू लागला. उतरला, थबकला, चढला. त्यानं सिंक दाबलं आणि मी थक्क झालो! ड्रम 'लेकी'पाशी थांबले, शेवटच्या कडव्याला चढले. जन्मभर मी वेळ मोजत आलो होतो. माणसाच्या श्वासाबरोबर चालणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि आवाजही गेला. उरली ती नुसती कुजबुज. बऱ्या होताच चिमाबाई गळ्याला मफलर गुंडाळून अनघाबरोबर आल्या. प्रदीपनं गाणं लावलं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. 'लेकी' आली, ड्रम थांबले, आणि त्यांनी झटकन वर बघितलं.

"थांबला की गं!" त्या कुजबुजल्या. "हे बी आसंच थांबायचे."

त्यांचा हात उठला. शेवटच्या कडव्यापर्यंत त्या टाळी देत राहिल्या, आणि मी एकही टाळी चुकवली नाही.

आता टेबलावर नवा संगणक आहे. मी कोपऱ्यात टॉवेलखाली असतो आणि लोणावळ्याची ओल माझी हाडं पोखरते. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी गाणारं असेल, तर आवाज आहे तोवर ते गाणं जपून ठेवा. त्यांना तुमच्या घड्याळामागं पळवू नका, घड्याळाला त्यांच्या टाळीमागं चालायला शिकवा. आणि अधूनमधून माझी धूळ पुसून मला सुरू करा. पंखा घरघरेल, कुत्रं उठून बसेल. पण 'लेकी' आली की मी थांबेन.